चार मिनिटं आधीची तोफ

लमीनमास्तरांनी कॉफीचा पहिला घोट घेतला आणि समोरच्या काचेवर डकवलेला स्वतःचाच लेख ते वाचायला लागले.

रमजानात शादलीच्या कॅफेच्या काचांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली असत. बाहेरून जाणाऱ्या रोजेदाराला कॉफी पिणारे दिसू नयेत आणि पिणाऱ्यांना रोजेदाराची नजर टोचू नये, एवढाच हेतू. आत कोण बसतं हे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं, तरी कागद हवाच. शादली त्यासाठी मुद्दाम मास्तरांच्या सदराची पानं वापरी. ‘चमचाभर हरिसा’ हे त्या सदराचं नाव; हरिसा म्हणजे लाल मिरचीची जाळ चटणी. राजधानीच्या पेपरात दर बुधवारी येई. चंद्रावर गेलेलं यान, बोलणारी यंत्रं, मंत्र्यांनी फीत कापलेलं बिनकागदी कार्यालय, जिथे अर्ज आता तीन प्रतींत छापून न्यावा लागे. मास्तर कोणालाच सोडत नसत.

“मास्तर, मुबारक हो,” शादली फडकं खांद्यावर टाकत म्हणाला. “तुमचं ऐकलं बरं का त्यांनी.”

“कोणी?”

“नगरपालिकेनं. येत्या शुक्रवारपासून तोफ बंद. रोजा सोडायचा मेसेज मोबाईलवर येणार. गुरुवारी बैठकीत शिक्का मारला की झालं.”

कप मास्तरांच्या हातात तसाच राहिला. तो लेख नेमका त्यांच्या नाकासमोर होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. ‘खिशाखिशात अणुघड्याळाशी बोलणारा फोन असताना आम्ही अजून किल्ल्यावरच्या तोफेकडे कान लावून बसतो. आमच्या तोफवाल्यानं अडतीस वर्षांपूर्वी चार मिनिटं आधी बार काढून अख्ख्या गावाचा रोजा मोडला होता आणि प्रत्येकाला एक दिवस पुन्हा उपाशी राहावं लागलं होतं. चार मिनिटांत पृथ्वी एक अंश फिरते. म्हणजे या गृहस्थानं कोणाची परवानगी न घेता पृथ्वी एक अंश पुढे ढकलली. त्यापेक्षा आमची नगरपालिका, जिच्याकडे कचरागाडी नाही पण कचरागाडी का आली नाही हे सांगणारं ॲप आहे, तिनं हेही काम हाती घ्यावं.’

चिमटा नगरपालिकेला होता. आणि नगरपालिकेनं तो हार समजून गळ्यात घातला होता! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं मनाशी म्हणत मास्तर उठले. कॉफी अर्धी राहिली.

नगराध्यक्षा बेया ही त्यांचीच विद्यार्थिनी. तिनं खुर्ची पुढे केली आणि हसली.

“सर, तुम्हीच तर लिहिलंत.”

“अगं, विनोद होता तो.”

“पण मुद्दा बरोबर होता ना? तोफेच्या दारूचा परवाना, पोलिसांची परवानगी, दरवर्षी सतरा सह्या. मीच भांडून आणते. तुम्ही लिहिलंत आणि आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या पक्षांचे लोक एका सुरात हो म्हणाले.”

“आणि खमीसचं काय?”

“खमीसचाचा आता सत्तरीचे झाले, सर. त्यांचा सत्कार करू. शाल देऊ.” मग आवाज उतरवून ती म्हणाली, “तुम्हाला पटत नसेल तर तसं लिहा. गुरुवारपर्यंत आहे वेळ. तुमच्या लेखानं बंद होतेय, तुमच्याच लेखानं चालू राहू दे.”

बोलणं बिनतोड होतं. मास्तरांनीच शिकवली होती तिला.

दुसऱ्या दिवशी सूर्य कलायला लागला तेव्हा ते किल्ला चढले. इतकी वर्षं या गावात काढली, दर रमजानात तोफ ऐकली, पण ती उडते तिथं ते कधी गेले नव्हते. वर बुरुजावर खमीस मांडी घालून बसला होता. पुढ्यात कापडी पिशवीत बांधलेली दारू होती, बाजूला जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. तो एकेक पान चुरगाळून तोफेच्या तोंडात कोंबत होता. मास्तरांना बघून धडपडत उठला.

“या या, मास्तर! आमचं भाग्य!”

“बसा हो. तुमच्या कामात खोळंबा नको.”

“खोळंबा कसला. बोळा घट्ट बसायला हवा, एवढंच. सैल राहिला तर नुसता फुसका आवाज येतो, आणि मग खालच्या आळीच्या बायका दुसऱ्या दिवशी विचारतात, चाचा, काल तोफेला सर्दी झाली होती का?”

मास्तरांचं लक्ष ढिगाकडे गेलं. त्यांचाच पेपर. पण प्रत्येक बुधवारच्या अंकात एक चौकोनी भोक होतं.

“तुमचं तेवढं कापून ठेवतो,” खमीस जरा लाजत म्हणाला. “बाकीचा पेपर तोफेत. मंत्री, फुटबॉल, हवामान, सगळं. तुमचं नाही घालत.”

“मागचा लेखही ठेवलाय?”

“तोही ठेवलाय. बायकोला वाचून दाखवला. पृथ्वी एक अंश ढकलली, इथं तर ती अशी हसली की उठून पाणी प्यायची वेळ आली आणि रोजा आठवून पुन्हा खाली बसली.” त्याच्या बोलण्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. “छान लिहिता तुम्ही. आमच्या गावचा माणूस राजधानीच्या पेपरात लिहितो, असं मी येईल त्याला सांगतो.”

मास्तरांना कुठं बघावं कळेना. त्यांनी आल्या कामाला हात घातला.

“खमीस, मी तोफेच्या बाजूनं लिहिणार आहे. मला जरा समजावून सांगा. वेळ कशी धरता? घड्याळ कुठलं वापरता?”

“घड्याळ?” खमीसनं हात वर करून दाखवला. मनगट रिकामं होतं. “घड्याळ कशाला? तो मिनार दिसतोय ना? मुअज्जिन सूर्य बघतो, दिवा लावतो. दिवा दिसला की मी बत्ती देतो. माझा आजा तसंच करायचा, बापही तसंच. वेळ त्याची, आवाज माझा.”

“म्हणजे तुम्ही घड्याळ बघतच नाही?”

“अडतीस वर्षं गावात राहून तुम्हाला हे ठाऊक नाही?” खमीसला खरंच नवल वाटलं.

मास्तरांना ठाऊक नव्हतं. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला तोफ घड्याळावर चालते याखेरीज दुसरं काही सुचलंच नव्हतं, आणि रोजा न धरणाऱ्याला चौकशी करायचं कारण पडलं नव्हतं.

“मग त्या वर्षी?”

खमीस बोळा ठोकत राहिला. “त्या वर्षी दिवा लवकर लागला.”

मास्तरांनी मिनाराकडे बघितलं. मग त्यांना आपला उजवा हात आठवला, पांढऱ्या स्विचवर ठेवलेला.

मे महिना होता. ते गावात नवेच आले होते, सव्वीस वर्षांचे. मशिदीत अजान देणारे मुअज्जिन शेख बशीर यांचे गुडघे गेले होते आणि दिवा लावायला त्यांना रोज एकशे आठ पायऱ्या चढाव्या लागत. दिवा अजानचा, एवढंच ठाऊक असलेल्या नव्या मास्तरांनी आपण होऊन वरपासून खालपर्यंत वायर ओढली आणि मिनाराच्या पायथ्याशी स्विच बसवला. काम संपलं तेव्हा ऊन अजून भिंतीवर होतं. दिवा लागतो का बघावं म्हणून त्यांनी एकदाच स्विच दाबला. वर हिरवा दिवा लागला आणि त्याच क्षणी किल्ल्यावरून धडाड् आवाज आला. ‘वा, शेख, मुहूर्त साधला!’ असं म्हणून ते हसले होते. शेखचा चेहरा पांढराफटक पडला होता. दिवसभराचा उपास, असं मास्तरांना वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव तोफवाल्याच्या नावानं बोटं मोडत होतं. मास्तरांनी वर्गात मुलांना गणित घातलं होतं: तोफवाला चार मिनिटं चुकला, तर पृथ्वी किती अंश चुकली? पोरं खूप हसली होती. त्या गणितावरच तर तीन आठवड्यांपूर्वीचा लेख उभा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर चोरानंच वळलेला. तोही दोनदा.

“तुम्हाला ठाऊक होतं?” मास्तरांनी विचारलं.

“शेखनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. रडत होते बिचारे. गावाला सांगतो म्हणाले. मीच नको म्हटलं.”

“का पण?”

“काय सांगायचं मास्तर! तुम्ही नवे. रोजा धरत नाही हे पहिल्या आठवड्यात गावभर झालेलं. लोक म्हणाले असते, मुद्दाम केलं. संध्याकाळच्या बसमध्ये सामानासकट कोंबलं असतं तुम्हाला. मी इथलाच. मला आठवडाभर शिव्या घातल्या, आठव्या दिवशी कुसकुसाचं ताट पाठवलं.” खमीसनं हात झटकले. “आणि माझा थोरला पुढच्या वर्षी तुमच्या वर्गात यायचा होता. शास्त्र शिकवायला या गावात कोण येतंय? आज तो विमानांची इंजिनं दुरुस्त करतो. मग? सौदा काय वाईट झाला?”

मास्तर दारू ठेवायच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसले. आतल्या भिंतीवर कोळशानं काही लिहिलेलं होतं. अकरा नावं, एकाखाली एक. अक्षरं इतक्या वेळा गिरवलेली की भिंतीत रुतल्यासारखी दिसत होती.

“हे कोण?”

“त्या वर्षी गेलेले. तो मोडलेला रोजा भरून काढायच्या आधीच गेले. कोणी आजारी होतं, कोणी थंडीत धरू म्हणून थांबलं.” खमीस खोलीकडे न बघता म्हणाला. “ईद झाली की मी अकरा दिवस धरतो. एकेकाचा एकेक.”

“दरवर्षी?”

“दरवर्षी. शेख म्हणायचे, खमीस, दुसऱ्याच्या वाटचा रोजा आपल्याला धरता येत नाही, आपल्याकडे तसं चालत नाही. मी म्हटलं, मग उपाशी राहायला तर बंदी नाही ना?”

“अहो, पण चूक तुमची नव्हतीच!”

“बत्ती कोणी दिली?” खमीसनं विचारलं, आणि लगेच मिनाराकडे वळला. “कान झाका, मास्तर.”

दिवा लागला. बार झाला. दगडी बुरुज पायाखाली थरथरला आणि खाली गावात घराघरांतून एकदम बोलण्याचा, भांड्यांचा आवाज उठला. खमीसनं खजूर फोडून अर्धा मास्तरांपुढे धरला. मास्तरांनी तो घेतला नाही. दुपारी त्यांची कॉफी झाली होती.

त्या रात्री त्यांनी जन्मात लिहिला नव्हता असा लेख लिहिला. एकही चिमटा नाही. दिवा मी लावला होता. माणसानं चूक केली नव्हती तरी तो अडतीस वर्षं तिची भरपाई करतो आहे. ॲप चुकलं तर उपाशी कोण राहणार, तेवढं नगरपालिकेनं सांगावं आणि मग खुशाल तोफ बंद करावी.

संपादकांचा फोन सकाळीच आला. ते हसत होते.

“लमीन, कमाल केलीस! ‘दिवा मीच लावला’, पोट दुखलं रे हसून. फक्त शेवट जरा गंभीर वाटत होता, मी एक फटका घातलाय.”

“अहो, ते खरं आहे सगळं.”

“तेच तर! ते ‘खरं आहे’ म्हणण्याची तुझी ढब! तिलाच तर वाचक भुलतात.”

बुधवारी लेख छापून आला. शादलीनं तो काचेवर सगळ्यांत वर लावला. “मास्तर, काय थाप मारलीत हो!” म्हणून बाजारात दोघांनी पाठ थोपटली. औषधवाल्यानं तर हात जोडले, म्हणाला, तो अकरा नावांचा प्रकार तुम्हालाच सुचू जाणे. मास्तर सांगत सुटले, शपथा घ्यायला लागले, आणि ते जितके कळवळून सांगत तितके लोक जास्त हसत. थट्टेनं लिहिलं ते गावानं खरं मानलं होतं. आता खरं लिहिलं, तर गाव टाळ्या देत होतं. चाळीस वर्षं जिभेला लावलेली धार अशी उलटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

गुरुवारी बैठकीच्या तासभर आधी फोन वाजला. बेया होती.

“सर, एक विचारू? हसणार नाही ना?”

“मी? अगं, माझ्यावर सगळं गाव हसतंय.”

“मी तीनदा वाचला लेख. माझी आजी त्या हिवाळ्यात गेली. मी सात वर्षांची होते. शेवटच्या दिवसांत तिला माणसं ओळखू येत नव्हती, पण एक म्हणायची, माझा एक रोजा राहिला गं, एक रोजा राहिला. आई म्हणायची, धर हां बरी झालीस की.” मग तिनं विचारलं, “त्या भिंतीवर लल्ला झोहरा असं नाव आहे का हो?”

मास्तरांना भिंत डोळ्यांसमोर दिसत होती.

“आहे. वरून चौथं.”

पलीकडून नाक पुसल्याचा आवाज आला, आणि मग नगराध्यक्षेचा.

“ॲप चुकलं तर उपाशी कोण राहणार, हा प्रश्न मी आज बैठकीत विचारते, सर. हात वर कोण करतंय बघू.”

हात कोणी वर केला नाही म्हणतात. शुक्रवारी मास्तर चौकात उभे होते. हिरवा दिवा लागला, किल्ल्यावर धडाड् झालं, आणि भिंतीला टेकून बसलेल्या हमालानं बिस्मिल्ला म्हणून ताकाचा पेला तोंडाला लावला. मेसेज थांबवायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं. तो दीड मिनिटानं आला. खिशाखिशात फोन थरथरले, आणि तोंडं भरलेली असल्यामुळे कोणी बघितलं नाही.

ईद झाली. चौथ्या दिवशी सकाळी शादलीनं काचांवरचे कागद ओले करून खरवडून काढले. कॅफेत ऊन आलं. मास्तर नेहमीच्या खुर्चीवर बसले तशी त्यानं न विचारता कॉफी आणून ठेवली. मास्तरांनी तिचा वास घेतला आणि कप हळूच पलीकडे सरकवला.

“काय झालं? कडू झालीय?”

“नाही. आज नको.”

“मास्तर, रमजान संपला!” शादली ओरडला. “सगळं गाव आता प्यायला लागलं, आणि तुम्ही सोडता?”

“ठाऊक आहे मला संपला ते.”

दुपारी तीन वाजता कानशिलं ठणकायला लागली. तीन वाजून पाच मिनिटांनी त्यांनी घड्याळ पाहिलं तेव्हा जवळपास तासभर गेला असावा असं त्यांना वाटलं होतं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात, त्यातली बत्तीस वर्षं काळ आणि वेग शिकवण्यात घालवून, त्यांना पहिल्यांदा कळत होतं की मिनिट ही वस्तू केवढी असते. आणि हा माणूस हे दर साली करत आला. कोणाला न सांगता, वर त्यांचेच लेख कापून ठेवत. असा माणूस आपल्या गावात आहे, आणि आपण चाळीस वर्षं चंद्रावरच्या यानाची दखल घेत बसलो.

संध्याकाळी ते किल्ला चढले. तोफेवर ताडपत्री घातलेली होती. खमीस खालच्या पायरीवर बसला होता. पुढ्यात ताकाचा लोटा आणि रुमालात खजूर. त्यानं मास्तरांच्या सुकलेल्या ओठांकडे बघितलं. थोडा सरकला आणि रुमाल दोघांच्या मध्ये ठेवला.

“आज कोणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“लल्ला झोहराचा.”

समोर समुद्र काळवंडत चालला होता. मिनारावर हिरवा दिवा लागला, त्याच जुन्या वायरवर. मास्तरांचा हात आपसूक खजुराकडे गेला. खमीसनं त्यांचं मनगट धरलं.

“थांबा.”

“अहो, दिवा लागला.”

“लागू दे. अजून चार मिनिटं.”

“कशाची?”

“तेव्हा आपण घेतली ना, ती.”

मास्तरांनी हात मागे घेतला. मनगटावरचं घड्याळ काढलं आणि उलटं करून पायरीवर ठेवलं. मग दोघंही बसून राहिले, पृथ्वीला एक अंश सरकायला जेवढा वेळ लागतो तेवढा.